बल्लव आणि बाहुक : वऱ्हाडातील आचाऱ्याचा अज्ञातवास

चिखलदऱ्याच्या नावाची जी लोककथा वऱ्हाडात सांगितली जाते तिचा नायक एक आचारी आहे, हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. विराटाच्या राजवाड्यात अज्ञातवासात राहिलेल्या भीमाने कीचकाचा वध केला, प्रेत दरीत लोटले आणि त्या दरीला कीचकदरा हे नाव पडले; त्याचेच पुढे चिखलदरा झाले, अशी ती कथा. जवळच भीमकुंडही दाखवले जाते. व्युत्पत्तीच्या दृष्टीने ह्या कथेचे मोल काय, हा प्रश्न आम्ही येथे बाजूला ठेवतो. आम्हांला महत्त्वाचे वाटते ते एवढेच की, ज्या हातांनी कीचक मारला ते हात दिवसभर राजाच्या मुदपाकखान्यात राबत होते. भीम तेथे बल्लव ह्या नावाने स्वयंपाकी होता.

वऱ्हाडाच्या पुराणभूगोलात असा दुसराही एक आचारी आहे. अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीच्या काठी असलेले कौंडण्यपूर म्हणजे विदर्भाची प्राचीन राजधानी कुंडिनपूर, असे परंपरा मानते. महाभारतातल्या नलोपाख्यानात नळ विरूप होऊन, बाहुक हे नाव घेऊन, अयोध्येच्या ऋतुपर्णाकडे सारथी म्हणून राहतो. अश्वविद्येइतकीच पाकविद्याही त्याला अवगत असते. राजाबरोबर तो कुंडिनपुरात येतो, राजासाठी रांधतो, आणि दमयंती दासीकरवी त्याच्या हातचे मांस मागवून चाखते. चव जिभेला लागताच हा नळच, अशी तिची खात्री पटते. रूप पालटले, नाव पालटले, पण हाताची चव पालटली नाही.

हे दोघेही राजकुळातले आहेत, दोघेही अज्ञातवासात आहेत, आणि दोघांनाही लपण्यासाठी स्वयंपाकघरासारखी दुसरी जागा सापडली नाही. ह्यात आमच्या मते एक सामाजिक सत्य दडलेले आहे. स्वयंपाकघर ही अशी जागा आहे की तिथल्या माणसाकडे कुणी चेहरा म्हणून पाहत नाही. फरक इतकाच की बल्लवाचा आणि बाहुकाचा अज्ञातवास संपला. त्यांच्यामागून ह्या प्रदेशात जे खरेखुरे आचारी होऊन गेले त्यांचा अजून चालूच आहे. त्याच अज्ञातवासाचा इतिहास थोडक्यात मांडण्याचा हा प्रयत्न.

महाराज

मराठीत अन्नाशी जोडलेला ओळवाचक शब्द म्हणजे पंगत. तो संस्कृत पंक्तीवरून आला. मराठीत पंक्ती कवितेचीही असते आणि जेवणाऱ्यांचीही. मात्र ही ओळ नेहमी जेवणाऱ्यांची. रांधणाऱ्यांच्या ओळीला आपल्याकडे शब्दच नव्हता. पंगतीच्या पोटातच पंक्तिभेद होता : कोण कुणाशेजारी बसणार, कोण आधी, कोण नंतर, आणि कोण मांडवाबाहेर.

ह्या पंक्तिभेदाला पहिला छेद गेला तोही वऱ्हाडातच. ऋद्धपूरच्या गोविंदप्रभूंच्या लीळा ज्यांनी वाचल्या आहेत त्यांना ते दृश्य परिचित आहे : हा अवलिया कोणत्याही घरात शिरतो, तिथले अन्न खातो, आणि जातीची कुंपणे त्याच्या गावीही नसतात. चक्रधरांनी आपल्या अनुयायांना चारही वर्णांच्या घरची भिक्षा घ्यायला सांगितले. म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस ऋद्धपुरात सिद्ध केलेल्या लीळाचरित्रात खाण्यापिण्याचे तपशील जागोजागी आहेत. मराठी गद्याचा आरंभ ज्या ग्रंथाने झाला तो ग्रंथ अन्नाविषयी इतका सजग असावा, ही गोष्ट आपल्या वाङ्मयेतिहासात जेवढी ठसायला हवी होती तेवढी ठसलेली नाही.

पण संप्रदायाचा विचार वेगळा आणि गावाचा व्यवहार वेगळा. मोठ्या कार्यात आचारी ब्राह्मण असे, कारण त्याच्या हातचे सर्वांना चालत असे. कापसाच्या आणि सराफीच्या व्यापाराबरोबर अकोला-अमरावतीला जी मारवाडी घराणी स्थिरावली त्यांच्याबरोबर राजस्थानी आचारीही आले. दोघांनाही हाक एकच : ‘महाराज’. वऱ्हाडात हा शब्द राजाला लागतो, संताला लागतो आणि आचाऱ्यालाही लागतो. आचाऱ्याच्या बाबतीत मात्र त्याने नावाची जागाच घेतली. ‘महाराज, वरण वाढवा’ म्हणणाऱ्या यजमानाला महाराजांचे खरे नाव ठाऊक असेलच असे नाही. १८९७ च्या डिसेंबरात राष्ट्रीय सभेचे तेरावे अधिवेशन अमरावतीत भरले. अध्यक्ष शंकरन नायर, स्वागताध्यक्ष दादासाहेब खापर्डे, ही नावे अभ्यासकांच्या ओठांवर असतात. देशभरातून आलेल्या, नाना चालीरीतींच्या प्रतिनिधींना रोज दोन वेळ जेवू घालणाऱ्या माणसांचा ह्या यादीत समावेश होत नाही.

ह्या माणसांची विद्या कोणत्या प्रतीची होती? लग्नाच्या आदल्या रात्री चर खणून त्यांवर चुली मांडायच्या, गंज आणि कढया चढवायच्या, तुरीच्या डाळीला किती पाणी लागेल हे डाळीचा दाणा चावून ठरवायचे, आलू-वांग्याच्या भाजीचा रस्सा हजार माणसांत पुरून उरेल असा बेतायचा. रोडग्याच्या जेवणात तर गोवऱ्यांच्या आराची धग ही एकच मोजपट्टी. कणकेचे गोळे आरात पुरायचे आणि वरची राख किती वेळाने झटकायची हे हाताला कळले पाहिजे. ह्या विद्येचा ग्रंथ नव्हता. मराठीत छापील पाकग्रंथांची परंपरा रामचंद्र सखाराम गुप्ते ह्यांच्या ‘सूपशास्त्रा’पासून, म्हणजे १८७५ पासून दाखवता येते, पुढे १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणी-मित्र’ आले, १९७० साली कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ आली. ‘गृहिणी-मित्र’ हे नावच आपला वाचक कोण ते सांगते. चार माणसांचा स्वयंपाक छापला गेला. चार हजारांचा तोंडीच राहिला. घरच्या अन्नपूर्णेला निदान पुस्तकाने ओळखले. आचाऱ्याला तेवढेही लाभले नाही.

खानसामा

१८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ दरम्यान, इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे भुसावळहून अकोला, बडनेरा ओलांडून नागपूरला पोहोचली. कापूस बाहेर गेला तसे साहेब आत आले, आणि त्यांच्याबरोबर वऱ्हाडात एक नवा मुदपाकखाना आला. डाकबंगला, सर्किट हाउस, क्लब, रेल्वेची उपाहारगृहे आणि चिखलद्यासारखे थंड हवेचे ठिकाण, जेथे हैदराबाद पलटणीतला कॅप्टन रॉबिन्सन १८२३ साली प्रथम पोहोचला असे सांगतात, ही ह्या मुदपाकखान्याची ठाणी. ‘उच्चभ्रू आतिथ्य’ हा शब्दप्रयोग वापरायचाच तर वऱ्हाडातले त्याचे पहिले कामगार म्हणजे हे खानसामे.

डाकबंगल्यावरच्या जेवणाची थट्टा इंग्रजांनी भरपूर केली. ‘हॉब्सन-जॉब्सन’ ह्या १८८६ च्या प्रसिद्ध कोशात ‘सडन डेथ’, म्हणजे ‘आकस्मिक मृत्यू’, अशी एक नोंद आहे. प्रवासी आवारात शिरताच अंगणातली कोंबडी पकडायची आणि त्याच्या स्नानानंतर तीच ताटात घालायची, असा त्या पदार्थाचा अर्थ. कोशकारांना विनोद दिसला. आम्हांला त्यात खानसाम्याची कसोटी दिसते. पाहुणा कधी येणार ठाऊक नाही, बर्फ नाही, बाजार कोसभर दूर, आणि तासाभरात साहेबाचे जेवण मेजावर हवे. मागणी आल्यावर रांधायचे, आधी नाही, ही आजच्या हॉटेलातल्या लाइनची मूळ अट आहे. ती वऱ्हाडात प्रथम ह्याच माणसाने पाळली.

येथे एक उलटापालट झाली, आणि ह्या लेखाचा मुख्य मुद्दा तोच आहे. पंगतीचा आचारी जातीने सर्वांत वरचा असावा लागे. साहेबाच्या स्वयंपाकघरात सवर्ण हिंदू पाऊल टाकायला धजत नसे, कारण तिथे गोमांस होते, डुकराचे मांस होते, मद्य होते. म्हणून त्या शेगडीपाशी मुसलमान आले, गोव्याचे ख्रिस्ती आले, आणि साहेबांच्या घरांतून चाकरी करणारे महारही आले. म्हणजे भारतातील उंची स्वयंपाकघर हे सोवळ्याच्या दृष्टीने आरंभापासूनच सर्वांत ओवळे होते. लग्नमांडवातला महाराज मानाने मोठा आणि पैशाने लहान. डाकबंगल्याचा खानसामा साहेबाच्या मेजाशी सर्वांत जवळ आणि गावाच्या विहिरीपासून सर्वांत दूर. दोघांचेही नाव कुणी विचारले नाही, पण कारणे वेगळी होती.

१९०३

इतिहासात कधी कधी एकच साल बरेच काही बांधून ठेवते. १९०२ च्या कराराने इंग्रजांनी वऱ्हाड निजामाकडून वर्षाला पंचवीस लाख रुपयांवर कायमचा पट्ट्याने घेतला आणि १९०३ साली तो मध्य प्रांताला जोडला. त्याच वर्षी १६ डिसेंबरला मुंबईत ताजमहाल हॉटेल उघडले. आणि त्याच वर्षी फ्रान्समध्ये ऑग्युस्त एस्कोफिये ह्यांचा ‘ल गीद क्युलिनेर’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. ह्या तीन घटनांत कार्यकारणभाव नाही. पण आज अकोल्याहून मुंबईच्या एखाद्या पंचतारांकित हॉटेलात कामाला जाणाऱ्या मुलाचे आयुष्य ह्या तिन्हींच्या छेदबिंदूवर उभे आहे.

एस्कोफिये १८७० च्या फ्रँको-प्रशियन युद्धात सैन्याचा आचारी होता. १८९० पासून लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात त्याने स्वयंपाकघराची पलटण बांधली. वर मुख्य शेफ, त्याखाली सू शेफ, त्याखाली एकेका विभागाचा प्रमुख : रश्शांचा, भाजण्याचा, मासळीचा, थंड पदार्थांचा, मिष्टान्नांचा, आणि सर्वांत खाली उमेदवार, ज्यांना ‘कॉमी’ म्हणतात. मूत्रपिंड आणि ट्रफलचा रस घातलेली ‘मायरबेअर’ अंडी करायला पूर्वी एका आचाऱ्याला सुमारे १५ मिनिटे लागत. आता एकाने अंडी शिजवायची, दुसऱ्याने मूत्रपिंड भाजायचे, तिसऱ्याने रस करायचा. पदार्थ काही मिनिटांत तयार. गिरणीतली श्रमविभागणी शेगडीवर आली. मराठीच्या परिभाषेत सांगायचे तर इतिहासात प्रथमच पंगत बदलली : जेवणारे वेगवेगळ्या मेजांवर पांगले, आणि ओळीत उभे राहिले ते रांधणारे.

ह्या व्यवस्थेचे मोठेपण मान्य केलेच पाहिजे. तिने जात विचारली नाही, हात विचारला. पण तिची किंमतही होती. पूर्वीच्या महाराजांना अख्खे जेवण ठाऊक असे. लाइनवरच्या माणसाला पदार्थाचा तिसरा हिस्सा ठाऊक असतो. बाहुकाच्या हातची चव दमयंतीने ओळखली, कारण ती एका हाताची होती. तीन हातांनी केलेल्या पदार्थात ती कुणाची ओळखणार?

अमरावती, १९२७

लाइन मुंबईत पोहोचली तरी वऱ्हाडात झगडा अजून पंगतीचा आणि पाण्याचाच होता. रेल्वे स्थानकांवर ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुसलमान पाणी’ वेगळे मिळे. १९२७ च्या मार्चमध्ये महाडचा सत्याग्रह झाला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात अमरावतीत डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्यांची परिषद भरली आणि अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा प्रश्न ऐरणीवर आला. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीला श्रद्धानंद छात्रालय काढले ते सर्व जातींच्या मुलांसाठी. आणि ह्याच जिल्ह्यातल्या शेंडगावी १८७६ साली जन्मलेले गाडगे महाराज हातात खराटा आणि गाडगे घेऊन अंधपंगूंच्या पंगती उठवत फिरत होते. चक्रधरांपासून गाडगेबाबांपर्यंतची ही वऱ्हाडी परंपरा मुख्यतः एकच प्रश्न विचारते : अन्नापाशी माणूस माणसाला कसा ओळखतो?

हा प्रश्न संपला आहे असे समजण्याचे कारण नाही. २० एप्रिल २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील मध्यान्ह भोजनाच्या बाबतीत आदेश दिला की स्वयंपाकी आणि मदतनीस नेमताना दलित, अनुसूचित जाती आणि जमातींना प्राधान्य द्यावे. एकविसाव्या शतकातही कुणाच्या हातचे खायचे हे न्यायालयाला सांगावे लागले, ह्याचा विचार हॉटेलच्या चकचकीत दारातून आत जाताना आपण अवश्य करावा.

लाइन

१९५४ साली मुंबईत देशातली पहिली केटरिंग संस्था निघाली. तिच्यामागे लीलावती मुन्शी ह्यांच्या पुढाकाराने चाललेली महिलांची अन्न परिषद होती. देशात धान्याची टंचाई होती आणि पोषणाचा विचार अग्रभागी होता. १९८२ साली ह्या शिक्षणासाठी राष्ट्रीय परिषद स्थापन झाली. दरम्यान पर्यटन वाढले, हॉटेले वाढली, १९९३ पासून दूरचित्रवाणीवर संजीव कपूर दिसू लागले, आणि ‘आचारी’ ह्या शब्दाला जी प्रतिष्ठा शतकानुशतके मिळाली नव्हती ती ‘शेफ’ ह्या शब्दाला दशकभरात मिळाली. कापसाच्या शेतात राम राहिला नाही तेव्हा वऱ्हाडातल्या कितीतरी घरांनी मुलाला पदविकेला घातले आणि मुंबई-पुण्याच्या गाडीत बसवले.

तिथे काय घडते? मुलगा ‘कॉमी थ्री’ म्हणून उभा राहतो. वर कॉमी टू, कॉमी वन, मग डीसीडीपी, सीडीपी, सू शेफ. जातीची उतरंड गेली, हुद्द्यांची आली. पण ही चढता येते, आणि हा फरक लहान नाही. दुपारी कांदा-टोमॅटोच्या मूळ ग्रेव्ह्या तयार करायच्या, मांस कापून तोलून ठेवायचे, प्रत्येक वस्तू हात जाईल तिथेच ठेवायची. संध्याकाळी ऑर्डरीचे कागद येऊ लागले की बोलायचे नाही, फक्त ‘येस शेफ’ म्हणायचे. दहा-बारा तास पायांवर. मनगटांवर भाजल्याचे डाग पडतात, आणि ते हळूहळू हुद्द्याच्या फितींसारखे मिरवलेही जातात. सणाला सुट्टी नाही, कारण लोकांचा सण हाच त्याचा सर्वांत गर्दीचा दिवस.

आमच्या परिचयाच्या, अकोल्याकडच्या एका तरुणाने पहिल्याच आठवड्यातला प्रसंग सांगितला. सजावटीला कोथिंबीर संपली म्हणून तो ओरडला, “सांबार आणा!” पलीकडून कुणीतरी दाक्षिणात्य सांबाराची वाटी आणून ठेवली. लाइन हसली, तोही हसला. वऱ्हाडात कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे त्या स्वयंपाकघरात कुणालाच ठाऊक नव्हते. दुसऱ्या दिवसापासून तो ‘हरा धनिया’ म्हणू लागला. टोमॅटोचे ‘भेदरे’ आणि शेंगदाण्याची ‘फल्ली’ त्याने आधीच गावी ठेवली होती. लाइनची भाषा हिंदी, इंग्रजी आणि फ्रेंच ह्यांच्या मिश्रणाची असते. तिच्यात वऱ्हाडीला जागा नाही. भाषाशास्त्राचे विद्यार्थी बोलींच्या ऱ्हासाची कारणे शाळा आणि वृत्तपत्रे ह्यांत शोधतात. आमची सूचना आहे की त्यांनी एकदा हॉटेलच्या शेगडीपाशीही जावे.

गंमत अशी की तो वऱ्हाडी शब्द टाकत असताना वऱ्हाडातली पंगतही उठत होती. लग्नपत्रिकांवर आता ‘स्वरुची भोजन’ छापलेले असते. प्रत्येकाने आपले ताट घेऊन आपल्याला हवे ते वाढून घ्यायचे. पंक्तिभेद गेला हे चांगलेच झाले, पण पंगतीत वाढप्याची आणि जेवणाऱ्याची जी नजरानजर होई तीही गेली.

साहित्यातला रिकामा पाट

आता साहित्याकडे वळू. १९०३ च्याच जून महिन्यात बिहारच्या मोतिहारीला जन्मलेला जॉर्ज ऑर्वेल पॅरिसच्या हॉटेलात भांडी घासत होता. १९३३ च्या ‘डाउन अँड आउट इन पॅरिस अँड लंडन’ मध्ये त्याने झगमगत्या भोजनगृहामागची घाण आणि गुलामी लिहिली. १९५९ साली आर्नल्ड वेस्करच्या ‘द किचन’ ने अख्खा मुदपाकखाना रंगमंचावर आणला. २००० साली अँथनी बोर्डेनने ‘किचन कॉन्फिडेन्शियल’ मध्ये लाइनवरचे जग तिच्याच भाषेत सांगितले.

मराठीत दुर्गाबाईंचे ‘खमंग’ आहे, पण त्यामागे अभ्यासू रसिकाची दृष्टी आहे. विठ्ठल कामतांचे ‘इडली, ऑर्किड आणि मी’ आहे. ती कहाणी उद्योजकाची. शाहू पाटोळ्यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ ने २०१५ साली दलित स्वयंपाकघराला प्रथमच ग्रंथात हक्काची जागा दिली; पण ते घरचे स्वयंपाकघर. गिरणीचा कामगार मराठी कवितेत आला, ऊसतोडणीचा आला, देहविक्रय करणारी स्त्री आली. उद्धव शेळक्यांच्या ‘धग’ मध्ये वऱ्हाडातली उपासमार आली. दुसऱ्याच्या मेजवानीसाठी शेगडीपाशी उभ्या असलेल्या माणसाचा पाट मात्र अजून रिकामा आहे.

ह्याचे कारण काय? एक उत्तर असे की ज्यांनी हे आयुष्य जगले त्यांना लिहायला वेळ नव्हता. ते खरे आहे, पण अपुरे आहे. हमालांना आणि गिरणीकामगारांनाही वेळ नव्हता. आमच्या मते खरे कारण आपल्या वाचकपणात आहे. रसचर्चेत आपण स्वाद, परिपाक, आस्वाद हे सारे शब्द जेवणाऱ्याच्या बाजूने वापरतो. आपले काव्यशास्त्रच पानावर बसलेल्या रसिकाचे आहे. चुलीपाशी उभ्या असलेल्याच्या बाजूने त्याने रसाकडे क्वचितच पाहिले.

म्हणून शेवटी कुंडिनपुराकडे परत येणे भाग आहे. नलोपाख्यानात बाहुकाचा अज्ञातवास संपतो तो त्याच्या पराक्रमाने नव्हे. तो संपण्याचा आरंभ दमयंतीच्या एका साध्या कृतीने होतो : ती चाखते, थांबते आणि हे कुणी रांधले असा प्रश्न तिच्या मनात उभा राहतो. आमच्या विद्यार्थ्यांपैकी काहींचे भाऊ, काहींचे वर्गमित्र आज रात्री कुठल्यातरी लाइनवर उभे असतील. त्यांच्यापाशी डाग आहेत, शब्द आहेत, सांगण्याजोगे पुष्कळ आहे. तो प्रश्न त्यांना विचारण्याचे काम आता अभ्यासकांचे आहे.